जिमची बायकामुले

मार्क ट्वेनचे 'हकलबेरी फिन' हे पुस्तक आपल्याकडे अजून मुलांच्या फळीवरच ठेवले जाते. घरात इंग्रजी शिकणारा मुलगा असला की कोणीतरी ते त्याला भेट देते. मोठी माणसे त्याची पाने चाळतात, तराफ्यावर बसलेल्या दोघांचे चित्र पाहून हसतात आणि पुस्तक पुन्हा मुलाच्या हाती देतात. एक व्रात्य पोर, त्याच्या जोडीला एक भाबडा काळा गडी, भलीमोठी नदी आणि वाटेत भेटणारे लुच्चे-लफंगे, एवढा ऐवज असलेले पुस्तक मुलांचेच असणार, यात कोणाला शंका यावी? मुलांनी ते वाचावेच. परंतु मोठ्यांनीही ते एकदा वाचावे, आणि वाचताना शेजारी अमेरिकेचा नकाशा उघडून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. नकाशावाचून वाचली तर ही कादंबरी निम्मीच वाचली जाते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर मिसूरी राज्य आहे. तेथील एका खेड्यात हक राहतो. बाप दारुडा, मारझोड करणारा. त्याला चुकवून हक पळतो. त्याच गावी मिस वॉटसन नावाची एक देवभोळी बाई आहे आणि जिम हा तिचा गुलाम. जिमला न्यू ऑर्लिन्सला नेऊन विकायचे, म्हणून एक व्यापारी तिला ८०० डॉलर देऊ करतो. बाई देवभोळी खरी. पण ८०० डॉलर ही रक्कम देवालाही थोडा वेळ बाजूला बसवणारी होती. दाराआडून हे बोलणे जिमच्या कानी पडते आणि तो पळ काढतो. नदीतल्या एका बेटावर हक आणि जिम यांची गाठ पडते, आणि पुढचा प्रवास दोघे मिळून करतात.

आता नकाशा पाहा. गावासमोर नदी आणि नदीपलीकडे इलिनॉय राज्य. इलिनॉयमध्ये गुलामीला कायद्याने थारा नव्हता. मग जिमने रातोरात नदी ओलांडावी आणि सुटावे, हे सोपे नव्हते काय? मुळीच नव्हते. पळालेल्या गुलामाला परराज्यातूनही धरून आणण्याचा अधिकार धन्याला १७९३ च्या कायद्याने दिलेला होता. ट्वेन हे कायद्याच्या भाषेत सांगत नाही. तो हकला मुलीचा झगा चढवतो आणि बातमी काढायला गावात पाठवतो. तेथे एका झोपडीवजा घरात एक बोलघेवडी, मायाळू बाई त्याला भेटते. हक हा मुलगी नसून मुलगा आहे हे ती युक्तीने ओळखते. त्याला खाऊ बांधून देते. आणि बोलता बोलता सांगते की जिमवर ३०० डॉलरचे बक्षीस लागले आहे, बेटावर तिला धूर दिसला, आणि आज मध्यरात्रीनंतर तिचा नवरा बंदूक घेऊन तिकडे जाणार आहे. माया आणि माणसाची शिकार ही दोन्ही एकाच चुलीपाशी नांदतात, आणि ट्वेन त्यावर एक शब्द बोलत नाही. मला त्याची थोरवी अशा ठिकाणी जाणवते.

म्हणून हे दोघे सरळ पलीकडे न जाता दक्षिणेकडे वाहत निघतात. कैरो नावाच्या गावी ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तेथे तराफा विकून आगबोटीने ओहायोच्या मार्गे वर, मुक्त राज्यांत शिरायचे, असा बेत. एका रात्री दाट धुके पडते आणि कैरो मागे राहून जाते. पुढे तराफा आणि त्यावरला पळालेला गुलाम अधिकाधिक खोल दक्षिणेत, म्हणजे ज्या बाजाराच्या भीतीने तो पळाला त्याच बाजाराच्या दिशेने वाहत जातात. सुटकेचा प्रवास आणि नदीचा प्रवाह यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. या कादंबरीतला सारा ताण या एका भौगोलिक गोष्टीत आहे.

न्यू ऑर्लिन्स या नावाने जिमची गाळण का उडाली, हे कळायला आपल्या डोक्यातला अमेरिकेचा इतिहास थोडा बाजूला सारावा लागतो. हा इतिहास आपण बहुतेकांनी चित्रपटगृहात शिकलो. कापडी छताच्या गाड्यांची रांग, पुढे घोड्यावर रुबाबदार पुरुष, गाडीत बायकापोरे, समोर अफाट माळ आणि मावळता सूर्य. पश्चिमेकडे गेले की माणूस स्वतंत्र होतो, हा त्या चित्राचा भावार्थ. अमेरिकेच्या इतिहासकारांनीही त्याला हातभार लावला. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ साली शिकागोला वाचलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले की अमेरिकन माणसाचा पिंड पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीवर घडला. त्या मोठ्या कथेत गुलामीचा प्रश्न त्याला केवळ एक प्रसंग वाटला.

वस्तुस्थिती अशी की पश्चिमेकडे आणखी एक रांग चालली होती. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले आणि आखूड धाग्याचा कापूस पिकवणे एकदम किफायतीचे झाले. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख १ कोटी ५० लाख डॉलरना घेतला. मिसिसिपी १८१७ साली आणि अलाबामा १८१९ साली राज्ये झाली. जमीन होती आणि कापसाला गिऱ्हाईकही होते. हात हवे होते. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी झाली होती. परंतु व्हर्जिनिया-मेरीलँडकडे तंबाखूच्या पिकाने जमिनी उतरल्या होत्या आणि तेथे धन्यांच्या पदरी माणसे पुष्कळ होती. तेव्हा ती माणसे पश्चिमेला आणि नैऋत्येला विकली जाऊ लागली. १७९० ते १८६० या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख गुलाम अशा रीतीने हलवले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काही धन्याच्या बिऱ्हाडाबरोबर गेले, काही समुद्रमार्गे न्यू ऑर्लिन्सला गेले, आणि कित्येक पायी. चार्ल्स बॉल या गुलामाने आपली हकीकत सांगून ठेवली आहे. मेरीलँडहून त्याला पायी दक्षिणेला नेले, तेव्हा पुरुषांच्या गळ्यात लोखंडी कडी घालून त्यांतून साखळी ओवली होती आणि बायकांना दोराने बांधले होते. निघण्यापूर्वी बायकोमुलांना भेटू द्या, असे त्याने विनवले. तेव्हा जॉर्जियात दुसरी बायको मिळेल, असे उत्तर त्याला मिळाले.

हेही पश्चिमेकडे झालेले स्थलांतरच. त्यात मावळता सूर्य होता, अफाट माळही होता. गाडी मात्र नव्हती.

याच कापसाचे एक टोक आपल्या दाराशी येऊन पोचते. यादवी युद्धात, १८६१ नंतर, अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीने तो सोहळा पाहिला आणि १८६५ साली मुंबईत त्याचे दिवाळे वाजलेलेही पाहिले. असो. आपण पुस्तकाकडे वळू.

ट्वेनला ही दुसरी रांग माहीत होती काय? चांगलीच माहीत होती. त्याचे आईबाप १८३५ साली टेनेसीहून मिसूरीत आले ते पश्चिमेला नशीब काढायला, आणि येताना एक गुलाम स्त्री घेऊन आले. पुढे दिवस फिरले, तेव्हा तिला विकून टाकले. हॅनिबल गावच्या फरसबंदीवर, दक्षिणेच्या बाजारात पाठवण्यासाठी साखळीने एकत्र बांधून ठेवलेले दहा-बारा काळे स्त्रीपुरुष त्याने लहानपणी पाहिले होते. इतके दुःखी चेहरे पुन्हा कधी पाहिले नाहीत, असे त्याने उतारवयात आत्मचरित्रात लिहिले. त्याच आत्मचरित्रात सँडी नावाच्या एका पोराची आठवण आहे. मेरीलँडच्या किनाऱ्यावरून, आईबापांपासून तोडून, अर्धा खंड ओलांडून त्याला मिसूरीत आणले होते. तो दिवसभर गात असे, शीळ घालत असे, आरडाओरडा करीत असे. छोटा ट्वेन कावला आणि आईला म्हणाला, याला गप्प कर. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सांगितले की तो गातो तेव्हा त्याला आठवण होत नाही, हे पाहून मला बरे वाटते. तो गप्प बसला की मला वाटते तो विचार करतो आहे. त्याची आई त्याला आता कधी दिसायची नाही.

'हकलबेरी फिन'च्या तेविसाव्या प्रकरणात जिम पहाटे तराफ्यावर गुडघ्यांत डोके घालून बसलेला आहे आणि आपल्या लेकरांची नावे घेऊन कण्हतो आहे, ते वाचताना मला हा सँडी आठवतो. जिमला दोन मुले, एलिझाबेथ आणि जॉनी. एलिझाबेथ चार वर्षांची असताना तापातून उठली होती. जिमने तिला दार लावायला सांगितले. ती नुसती हसत उभी राहिली. त्याने पुन्हा मोठ्याने सांगितले, मग थोबाडीत दिली. थोड्या वेळाने वाऱ्याने दार तिच्या पाठीमागे धाडकन आपटले आणि पोर जागची हललीसुद्धा नाही. तापात तिचे कान गेले होते. जिम हे सांगतो तेव्हा कादंबरीत क्षणभर हसणे थांबते. ट्वेनला हसवण्याची सवय इतकी जडलेली, की त्याने येथे स्वतःला आवरले याचेच मला अप्रूप वाटते. तोवर जिम हा भुताखेतांना भिणारा, चेटूकतोडगे करणारा विदूषक म्हणून आपल्यासमोर आलेला असतो. या पानावर तो बाप होतो.

खरे म्हणजे तो बाप आहे हे आपल्याला आधीच कळायला हवे होते. कैरो जवळ आले असे वाटून जिम आनंदाने बोलू लागतो तेव्हा तो स्वतःविषयी फार थोडे बोलतो. मुक्त राज्यात गेल्यावर तो एक सेंटही खर्च न करता पैसा साठवणार आणि बायकोला विकत घेणार. ती गावाजवळच्याच एका शेतावर दुसऱ्या धन्याकडे आहे. मग दोघे मिळून राबणार आणि दोन्ही मुलांना विकत घेणार. धनी विकायला तयार नसेल तर कोणाकडून तरी ती मुले चोरून आणवणार. हे ऐकून हक हादरतो. ज्या माणसाला आपण ओळखतही नाही, ज्याने आपले काही वाईट केलेले नाही, त्या बिचाऱ्याची मुले हा जिम चोरू पाहतो! स्वतःचीच मुले चोरणारा बाप. हकच्या निरागस तोंडून हे वाक्य काढून ट्वेनने एका साऱ्या समाजाची नीती उलटी टांगून दाखवली आहे. उपरोध कसा लिहावा हे ज्याला शिकायचे असेल त्याने हे पान दहादा वाचावे.

एकतिसाव्या प्रकरणाची कीर्ती फार आहे आणि ती रास्त आहे. दोन भामटे जिमला ४० डॉलरना विकून टाकतात. हकला वाटते, मिस वॉटसनला पत्र लिहून जिमचा ठावठिकाणा कळवावा. तसे केले की आपण पापातून मोकळे. तो पत्र लिहितो, आणि मग त्याला जिमचा तराफ्यावरचा सहवास आठवतो. शेवटी नरकात जावे लागले तरी बेहत्तर, अशा निश्चयाने तो पत्र फाडतो. त्याच्या अंतःकरणाने चांगले तेच केले. परंतु त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या गावाने घडवलेली असल्यामुळे ते त्याला पाप वाटते. यावर इतके लिहिले गेले आहे की मी अधिक भर घालत नाही. एवढेच नजरेस आणून देतो, की पुढच्याच प्रकरणात तोच हक आगबोटीवर स्फोट झाल्याची थाप ठोकतो, आणि कोणाला इजा झाली काय या प्रश्नाला, कोणालाही नाही, एक काळा मेला, अशा अर्थाचे उत्तर देतो. ऐकणारी बाई म्हणते, नशीब म्हणायचे, कधी कधी माणसांनाही लागते. ही बाई दुष्ट नाही. अतिशय प्रेमळ आहे. (या पुस्तकात काळ्यांना उद्देशून शिवीसारखा वापरलेला शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो, आणि त्यामुळे अमेरिकेतल्या शाळांतून पुस्तकावर पुनःपुन्हा वाद झाले आहेत. ते पुस्तक मुलाच्या हाती देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे हे बरे.)

आणि मग शेवट येतो. टॉम सॉयर अवतरतो. जिमला एका शेतावरच्या खोपटात पलंगाच्या पायाला साखळीने बांधले आहे. पलंग उचलला तर साखळी निघेल. पण टॉमने अद्भुत कादंबऱ्या वाचलेल्या! कैद्याची सुटका रीतसर व्हायला हवी. सुरीने भुयार, भाकरीत दडवलेली दोरांची शिडी, खोपटात उंदीर, कोळी आणि साप, सदऱ्यावर रक्ताने लिहिलेली रोजनिशी. पाने मागून पाने हा खेळ चालतो. पळताना टॉमच्या पोटरीत गोळी घुसते; जिम त्याच्या शुश्रूषेसाठी थांबतो आणि पुन्हा पकडला जातो. अखेर उलगडा होतो की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली आणि मरताना मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केले. टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होते. तो गमतीखातर एका स्वतंत्र माणसाला सोडवत होता. कैदी म्हणून इमानाने वागल्याबद्दल तो जिमला ४० डॉलर देतो, आणि आपण श्रीमंत होणार हे भाकीत खरे ठरले म्हणून जिम आनंदतो.

या शेवटावर अमेरिकन टीकाकारांत मोठे रण माजले. सारे आधुनिक अमेरिकन वाङ्मय या एका पुस्तकातून निघाले, असा निर्वाळा हेमिंग्वेने १९३५ साली दिला. पण जिम चोरला जातो तेथेच वाचकाने थांबावे, पुढची सारी फसवणूक आहे, असेही त्याने बजावले. लायोनेल ट्रिलिंगने १९४८ साली आणि टी. एस. एलियटने १९५० साली शेवटाची बाजू घेतली. कादंबरी ज्या सुरात सुरू झाली त्या सुरावर तिने परत यावे हे योग्यच, असा एलियटचा सूर. लिओ मार्क्सने १९५३ साली या दोघांना खडसावले आणि स्वातंत्र्याच्या प्रवासाचे गांभीर्य ट्वेनने शेवटी सोडून दिले असे म्हटले. अलीकडे आणखी एक मत पुढे येते. ट्वेनने ही कादंबरी १८७६ साली हाती घेतली, मध्ये बाजूला ठेवली आणि १८८३ साली पुरी केली. त्याच काळात, १८७७ साली, दक्षिणेतून केंद्राच्या सैन्याचे पाठबळ निघून गेले आणि मुक्त झालेल्या काळ्यांना पुन्हा नाना तऱ्हांनी जखडणे सुरू झाले. कागदावर स्वतंत्र असलेल्या माणसाला पलंगाला बांधून ठेवायचे आणि त्याच्या सुटकेचा तमाशा मांडायचा, हे त्या काळाचेच विडंबन आहे, असे हे मत. मला ते अर्धे पटते. विडंबन असेल, पण विडंबन करणाऱ्याला ज्याची कीव यायला हवी तो या प्रकरणांत कोठे आहे? जिमच्या अंगावर साप सोडताना ट्वेनला हसू आवरत नाही, हे आपल्याला दिसते.

माझा आक्षेप याहून साधा आहे. जिमच्या बायकामुलांचे काय झाले?

शेवटच्या प्रकरणात त्यांचे नाव निघत नाही. बायकोचे तर साऱ्या कादंबरीत नावच नाही. जो माणूस कैरोच्या आशेने त्यांच्याशिवाय दुसरे काही बोलत नव्हता, तो स्वतंत्र झाल्यावर त्यांच्याविषयी एक शब्द काढत नाही. त्याच्या हाती ४० डॉलर आहेत. जिमची स्वतःची किंमत ८०० होती. ४० हा आकडा या कादंबरीत पुनःपुन्हा येतो: पळालेल्या गुलामांना शोधणारे दोघे दया येऊन हकला वीस वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी देतात, भामटे जिमला विकतात ते ४० ला, आणि टॉमचे बक्षीसही तेवढेच. ट्वेन योगायोगाने एकच रक्कम तीनदा लिहील, हे मला खरे वाटत नाही. तरी या रकमेत एक आई आणि दोन मुले येत नाहीत, हा हिशेब त्याने शेवटी मांडलेला नाही.

त्याऐवजी तो हकला पश्चिमेला पाठवतो. आता कोणी मला दत्तक घेऊन सुधारायच्या आत मी टेरिटरीत पळतो, असे म्हणून हक निरोप घेतो. या शेवटच्या ओळी अमेरिकन माणसाला पाठ असतात. सुधारलेल्या जगाला पाठ दाखवून मोकळ्या मुलखात निघून जाणारा वीर म्हणून त्याने हकला डोक्यावर घेतले. आता पुन्हा एकदा नकाशा पाहा. हकच्या काळी टेरिटरी म्हणजे मुख्यतः इंडियन टेरिटरी, अर्कान्सासच्या पश्चिमेचा मुलूख. तेथे मोकळे काय होते? १८३० च्या कायद्याने पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना हुसकून तेथे नेले होते. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात नेले, तेव्हा सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार मेले असे मानतात. आणि त्या चेरोकींतल्या सधन कुटुंबांचे स्वतःचे काळे गुलाम होते. धन्याबरोबर तेही त्या वाटेने चालले. १८४२ साली त्याच टेरिटरीतून गुलामांची एक टोळी पळाली. कोठे? आणखी दक्षिणेला, मेक्सिकोकडे, कारण मेक्सिकोने १८२९ साली गुलामी बंद केली होती. ते वाटेत पकडले गेले. म्हणजे हक जेथे स्वतंत्र व्हायला निघाला, तेथूनच दुसरे कोणी स्वतंत्र व्हायला पळत होते. एकाची दिशा पश्चिम. दुसऱ्याची, ज्या वेळी जी फट सापडेल ती.

ट्वेनने हा पुढचा प्रवास लिहायचा प्रयत्न केला होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 'हकलबेरी फिन' छापून येण्यापूर्वीच, १८८४ च्या उन्हाळ्यात, त्याने पुढचा भाग सुरू केला. त्यात हक, टॉम आणि जिम तिघेही पश्चिमेला निघतात. काही प्रकरणे झाली आणि लेखणी थांबली. ते हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी छापले गेले. त्यातही जिम आपल्या पोरांना सोडून दोन गोऱ्या मुलांच्या साहसासाठी हिंडतो. पश्चिमेची अद्भुतकथा आणि जिमचे खरे दुःख एका पुस्तकात मावत नाहीत, याचा हा अपुरा कागद म्हणजे मला पुरावाच वाटतो.

ट्वेनला गुलामांच्या कुटुंबाविषयी कळवळा नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. त्याने १८७४ साली 'अटलांटिक मंथली'त एक छोटी गोष्ट प्रसिद्ध केली. तो उन्हाळ्यात राहत असे त्या शेतावर मेरी ॲन कॉर्ड नावाची एक मुक्त झालेली स्वयंपाकीण होती. तिने सांगितलेली हकीकत त्याने तिच्याच बोलीत उतरवली आहे. रिचमंडच्या लिलावात तिचा नवरा आणि सात मुले एकामागून एक विकली गेली, आणि पुढे युद्धाच्या धामधुमीत एके दिवशी शिपायाच्या वेषातला धाकटा मुलगा हेन्री तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मला ही पाने 'हकलबेरी फिन'च्या शेवटच्या दहा प्रकरणांहून मोलाची वाटतात. (याच्या आदल्या वर्षी, १८७३ साली, आपल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केले होते. पुण्याहून मुक्तीचा कायदा दिसत होता. मुक्तीनंतरचा शोध त्या स्वयंपाकघरात चालला होता.) पुढे १८९४ साली 'पडनहेड विल्सन'मध्ये ट्वेन पुन्हा याच जखमेकडे वळला. तेथे रॉक्सी या गुलाम आईला तिचा स्वतःचा मुलगाच नदीच्या खालच्या अंगाला विकतो. इंग्रजीत 'नदीखाली विकणे' म्हणजे दगा देणे, असा वाक्प्रचार आजही रुळलेला आहे. त्यातली नदी मिसिसिपी आहे, हे वापरणाऱ्यांना बहुधा आठवत नाही.

जिमच्या वाटणीचे पुस्तक लिहिले जायला १४० वर्षे जावी लागली. पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या कादंबरीकाराने २०२४ साली 'जेम्स' ही कादंबरी लिहिली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तीत जिम स्वतः बोलतो. त्याला लिहितावाचता येते आणि गोऱ्यांपुढे तो मुद्दाम अडाणी बोली बोलतो. त्याची बायको आणि मुलगी यांना तेथे केवळ एका आठवणीपुरती जागा नाही. कथेचे तोंडच त्यांच्याकडे आहे. ट्वेनचे हसू एव्हरेटलाही येते, पण तो ते योग्य माणसांवर उधळतो. कलाकृती म्हणून तुलना केली तर ट्वेनची नदी एव्हरेटपाशी नाही. पहाटेची, धुक्याची, दूरच्या काठावरून ऐकू येणाऱ्या बोलण्याची ती नदी दुसऱ्या कोणालाच लिहिता यायची नाही. तरीही दोन्ही पुस्तके एकामागून एक वाचावीत. या क्रमाने वाचली म्हणजे ट्वेनचा शेवट का डाचतो, ते वादविवाद न वाचताच कळते.

दिवाळीच्या दिवसांत घरची माणसे गावोगावाहून एकत्र येतात, तेव्हा ताटातुटीची ही गोष्ट कशाला, असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. पण 'हकलबेरी फिन' अमेरिकेत प्रसिद्ध झाले ते १८८५ च्या फेब्रुवारीत. आणि त्याच वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये, ज्या शहराच्या धाकाने जिम पळाला त्याच शहरात, काळ्या मेथडिस्ट मंडळींचे 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' हे पत्र निघत होते. त्यात १८७७ पासून 'हरवलेले आप्त' अशा अर्थाचे एक सदर चाले. पत्राच्या वर्गणीदारांना ते फुकट, इतरांना ५० सेंट. गुलामीत विकली गेलेली मुले आईला शोधत, बहिणी भावांना शोधत. जाहिरातीत पत्ता नसेच. असे ती धन्याचे नाव, व्यापाऱ्याचे नाव, कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात नेले ते, आणि शेवटचे कोठे पाहिले ते. व्हर्जिनियातून मिसिसिपीत, मिसिसिपीतून टेक्ससमध्ये, असा तो पश्चिमेचा रस्ता ओळीओळीने तेथे छापलेला सापडतो. ही पत्रे रविवारी व्यासपीठावरून वाचून दाखवावीत, अशी धर्मोपदेशकांना विनंती असे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते.